दोन पेशींच्या मधली जागा

दोन वर्षांपूर्वी मामा-मामी पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीला आले. मामीने सोलापूरहून शेंगापोळ्यांचा डबा आणला होता. पहिल्याच सकाळी लक्षात आलं, की मामा शेंगापोळीचे अगदी नखाएवढे तुकडे करून खातायत. दुपारी बेसनाचा लाडू दिला, तर त्यांनी तो वाटीत कुस्करला आणि चमच्याने खाऊ लागले.

"मामा, लाडू चमच्याने?"

"अगं, तोंड पहिल्यासारखं उघडत नाही आता. वय झालं."

मामांचं वय तेव्हा एकसष्ट. वयाने गुडघे धरतात, तोंड धरत नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळात एक दंतवैद्य आहेत, त्यांना मी घरी चहाला बोलावलं. त्यांनी मामांना तीन बोटं उभी एकावर एक ठेवून दातांमध्ये घालायला सांगितलं. तुमची-माझी सहज जातात. मामांची जेमतेम दीड बोटं गेली. मग त्यांनी टॉर्च लावून आत पाहिलं. टाळू पांढुरकी पडली होती आणि गालाची आतली बाजू पुठ्ठ्यासारखी ताठ लागत होती.

"सुपारी खाता?"

"जेवणानंतर असतेच. प्रवासातही असते. पण तंबाखूला आयुष्यात हात लावला नाही!" मामा अभिमानाने म्हणाले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. तोंडाच्या अस्तराखालच्या थरात तंतू साठत जातात आणि तोंड आवळत जातं. पुढे काहींना त्यातून कॅन्सर होतो, म्हणून सुपारी आजपासून बंद.

मी इथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी पहिल्या आठवड्यात फळ्यावर पेशी काढते. एकेका पेशीत केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया, सगळं रंगीत खडूंनी. दोन पेशींच्या मधे जी जागा उरते ती तशीच मोकळी सोडते. त्या रात्री जाणवलं, की मामांचा आजार त्या मोकळ्या सोडलेल्या जागेतला आहे. माझ्या फळ्यावर जसं झालं, तसंच विज्ञानाच्या इतिहासातही फार काळ झालं होतं. त्या इतिहासाची ही गोष्ट.

पन्नास वर्षांपूर्वीची जखम

सुरुवात एका बोटीवर करावी लागते. १७४० साली जॉर्ज अ‍ॅन्सनच्या हाताखाली ब्रिटिश युद्धनौकांचा एक ताफा जगप्रदक्षिणेला निघाला. त्यातली बहुसंख्य माणसं परत आली नाहीत, आणि त्यांना मारलं ते शत्रूपेक्षा स्कर्व्हीने. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, अंगावर काळेनिळे डाग पडायचे. या सफरीचा वृत्तांत १७४८ साली छापला गेला. त्यात एका म्हाताऱ्या खलाशाची हकीकत आहे. बॉइनच्या लढाईत, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी, तो जखमी झाला होता. जखमा भरल्या, मोडलेलं हाड सांधलं, सगळं विसरून गेला. स्कर्व्ही झाल्यावर त्या जखमा पुन्हा उघडल्या आणि हाडाचा सांधा पुन्हा सुटला, जणू कधी जुळलाच नव्हता.

त्या काळी या गोष्टीचा उलगडा कुणालाच करता आला नसता. १७४७ साली जेम्स लिंडने 'सॉल्सबरी' जहाजावर बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून वेगवेगळे उपाय दिले. संत्री-लिंबू मिळालेली जोडी भराभर सुधारली. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला मात्र १७९५ साल उजाडलं. उपाय सापडला होता, कारण सापडलं नव्हतं.

कारण शोधणाऱ्यांचं लक्षही दुसरीकडे होतं. १८५८ साली रुडॉल्फ विर्शोचं पेशीविकृतीवरचं पुस्तक आलं आणि रोग म्हणजे पेशींचा रोग, हा विचार वैद्यकात पक्का झाला. विचार मोठा होता आणि फळलाही. पण त्यामुळे पेशींच्या बाहेर जे काही आहे, ते विटांच्या मधल्या चुन्यासारखं गृहीत धरलं गेलं. चुना लागतो, पण त्याचा अभ्यास कोण करणार?

१९२६ साली अमेरिकेत वोल्बाक आणि होव या दोघांनी स्कर्व्ही झालेले गिनीपिग तपासले. त्यांच्या पेशी जिवंत होत्या, वाढतही होत्या. नव्हतं ते पेशींच्या बाहेरचं द्रव्य. पेशी ते बनवूच शकत नव्हत्या. स्कर्व्ही हा मधल्या जागेचा आजार होता.

म्हाताऱ्या खलाशाची जखम का उघडली, तेही यातून कळतं. जखमेचा व्रण हा एकदा घातलेला टाका नव्हे. तिथले तंतू शरीर सतत काढत असतं आणि नवे विणत असतं. विणणं थांबलं आणि उसवणं चालू राहिलं, की पन्नास वर्षांची शिवणही सुटते.

मद्रासमध्ये उलगडलेली दोरी

या विणकामाचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन. ग्रीक भाषेत 'कोला' म्हणजे सरस किंवा गोंद. कातडी-हाडं उकळून जो सरस निघतो तो याचाच. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा हे एकटं प्रथिन असतं. त्वचा, हाड, कुर्चा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे ते आहे.

त्याची रचना उलगडली ती भारतात. जी. एन. रामचंद्रन एर्नाकुलमचे. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्याकडे शिकले, केंब्रिजला गेले आणि परत येऊन १९५२ साली मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले. तेव्हा ते तिशीतही नव्हते किंवा नुकतेच तिशीत होते. त्याच सुमारास जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. बोलता बोलता ते म्हणाले, की कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट सुटलेली नाही. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था या प्रश्नामागे लागले. कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाचे एक्स-रे फोटो घेतले आणि १९५४ साली 'नेचर'मध्ये उत्तर छापलं: कोलॅजेन तीन पदरी आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी ते सुधारलं. तिन्ही पदर स्वतःभोवती पिळलेले आणि पुन्हा एकमेकांभोवती वळलेले, काथ्याच्या दोरखंडासारखे.

त्या दोरीत प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन असतं, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल, कारण तिन्ही पदर जिथे आत एकत्र येतात तिथे त्याहून मोठं काही मावतच नाही. अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी काही अणू फार जवळ आले आहेत म्हणून या रचनेवर आक्षेप घेतला. अणू नेमके किती जवळ येऊ शकतात, याचाच मग रामचंद्रन यांनी पद्धतशीर हिशोब मांडला. त्यातून १९६३ साली 'रामचंद्रन प्लॉट' जन्माला आला. प्रथिनांवर काम करणारा जगातला प्रत्येक विद्यार्थी आजही तो वापरतो. माझे इथले विद्यार्थीसुद्धा ते नाव घेतात, जरा अडखळत.

लिंबाचं कोडं सुटायला आणखी काही वर्षं लागली. १९६०च्या दशकात लक्षात आलं, की कोलॅजेनमधल्या प्रोलिन नावाच्या अमिनो आम्लावर ऑक्सिजन बसवणारं एक विकर आहे आणि त्याला काम चालू ठेवायला क जीवनसत्त्व लागतं. ते काम झालं नाही तर दोरीचा पीळ पक्का बसत नाही. अशी कच्ची दोरी साधारण २४ अंश सेल्सियसलाच सुटते, आणि आपलं शरीर असतं ३७ अंशांवर. अ‍ॅन्सनच्या खलाशाच्या अंगात दोरी वळली जात होती आणि वळता वळताच सुटत होती.

ऐकणाऱ्या पेशी

इथपर्यंत मधल्या जागेचं महत्त्व कळलं होतं, पण बांधकामाच्या सामानासारखं. सामान चांगलं तर इमारत पक्की. हे सामान पेशींना काही सांगत असेल, हा विचार हळूहळू पुढे आला.

शरीर घडताना पाहणाऱ्यांना त्याची चाहूल आधी लागली. क्लिफर्ड ग्रोबस्टाइन १९५०च्या दशकात उंदराच्या गर्भातली लाळग्रंथी काचेच्या बशीत वाढवत होते. ग्रंथीच्या पेशी एकट्या ठेवल्या तर त्यांना फांद्या फुटत नसत. शेजारचा ऊतक जवळ ठेवला की फुटत. दोघांमध्ये बारीक छिद्रांचा पडदा घातला तरी फुटत. १९७२ साली मर्टन बर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी विकरं वापरून ग्रंथीच्या पृष्ठभागावरचं पेशीबाह्य द्रव्य काढून टाकलं. फांद्या नाहीशा झाल्या. ते पुन्हा जमू दिल्यावर फांद्या परत आल्या. ग्रंथीचा आकार फक्त पेशींच्या पोटात लिहिलेला नव्हता.

१९७३ साली रिचर्ड हाइन्स यांना पेशींच्या पृष्ठभागावर एक मोठं प्रथिन सापडलं. निरोगी पेशींवर ते भरपूर होतं. विषाणूने कॅन्सरग्रस्त केलेल्या पेशींवरून ते नाहीसं झालेलं होतं. पुढे त्याचं नाव फायब्रोनेक्टिन पडलं. एर्की रुओस्लाटी त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच प्रथिनापर्यंत पोचले होते. १९८४ साली त्यांनी आणि मायकेल पियर्शबाकर यांनी दाखवलं, की या अवाढव्य प्रथिनातली फक्त तीन अमिनो आम्लांची जुळणी पेशीला धरून ठेवायला पुरते. पेशीच्या बाजूने ती जुळणी धरणाऱ्या प्रथिनांना १९८६ साली इंटेग्रिन हे नाव मिळालं. इंटेग्रिनचं एक टोक पेशीबाहेरच्या जाळ्याला धरतं आणि दुसरं पेशीच्या आतल्या सांगाड्याला. बाहेर ताण पडला तर आत कळतं. या कामासाठी हाइन्स, रुओस्लाटी आणि टिमथी स्प्रिंगर यांना २०२२ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

बाहेरच्या या सगळ्या जाळ्याला शास्त्रज्ञ एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणतात. आपण नुसतं मॅट्रिक्स म्हणू.

मॅट्रिक्स पेशीला सांगतं आणि पेशी मॅट्रिक्स बदलते, हे संभाषण दोन्ही बाजूंनी चालतं, हा मुद्दा सर्वांत ठामपणे मांडला तो मीना बिसेल यांनी. त्या तेहरानमध्ये जन्मलेल्या, शिकायला अमेरिकेत आल्या आणि बर्कलेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत रुजल्या. १९८२ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न होता: मॅट्रिक्स जनुकांना आज्ञा कशी देतं? तेव्हा कॅन्सरचे जनुक नुकतेच सापडत होते आणि सगळी हवा जनुकांची होती. मधल्या जागेबद्दल ऐकायला फारसं कुणी उत्सुक नव्हतं.

बिसेल यांनी प्रयोगांनी उत्तर दिलं. राऊस सार्कोमा विषाणू कोंबडीला टोचला की गाठ होते. १९८४ साली डेव्हिड डॉलबर्ग आणि बिसेल यांनी तोच विषाणू कोंबडीच्या वाढत्या गर्भाला टोचला. गाठ झाली नाही. गर्भाच्या त्याच पेशी काढून बशीत ठेवल्या, तर त्या कॅन्सरग्रस्त झाल्या. विषाणू तोच, जनुक तोच, परिसर वेगळा.

दुसरी गोष्ट दुधाची. उंदराच्या स्तनातल्या दूध बनवणाऱ्या पेशी प्लास्टिकच्या बशीत ठेवल्या की त्या दूध बनवायचं विसरतात. तरंगत्या कोलॅजेनच्या जेलवर ठेवल्या की त्यांना पुन्हा आठवतं, हे १९७७ साली जोॲन एमरमन आणि डोरोथी पिटेल्का यांनी दाखवलं होतं. पुढे बिसेल यांच्या प्रयोगशाळेत अशा पेशी मऊ मॅट्रिक्समध्ये ठेवल्या, तर त्या गोल करून बसल्या आणि मधल्या पोकळीत दुधाची प्रथिनं सोडू लागल्या. परदेशात येऊन पस्तीस वर्षं झालेल्या मला हा प्रयोग वर्गात शिकवताना दरवेळी जरा थांबावं लागतं.

मग १९९७ साली व्हॅलरी वीव्हर आणि बिसेल यांनी कॅन्सरग्रस्त स्तनपेशी मॅट्रिक्समध्ये ठेवून एका प्रतिपिंडाने त्यांचं एक इंटेग्रिन अडवलं. वेड्यावाकड्या वाढणाऱ्या पेशी शिस्तीत गोल बसल्या. त्यांच्या जनुकांतली बिघाडं तशीच होती. वागणं बदललं होतं. २००६ साली अ‍ॅडम एंगलर, शमिक सेन, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी तर नुसत्या कडकपणाचा परिणाम दाखवला. एकाच जातीच्या मूळ पेशी मऊ जेलवर चेतापेशींसारख्या, मध्यम जेलवर स्नायूंसारख्या आणि कडक जेलवर हाडांसारख्या होऊ लागल्या. यातले शमिक सेन पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले.

केनिया, मुंबई आणि सुपारी

आता मामांच्या तोंडाकडे येते. हा आजार आधुनिक वैद्यकात पहिल्यांदा नोंदला गेला तो आपल्यासारख्या परदेशस्थ भारतीयांत. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातल्या या विकाराचं वर्णन केलं आणि त्याला एक लांबलचक लॅटिन नाव दिलं. त्या नावात 'कारण अज्ञात' असा अर्थाचा शब्द होता. पाठोपाठ १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी हाच विकार वर्णिला आणि 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे आज चालणारं नाव दिलं. १९५६ साली टाटा मेमोरियलच्या डॉ. पेमास्टर यांनी अशा रुग्णांमध्ये कॅन्सर होताना पाहिल्याची नोंद केली. १९६६ साली डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रातल्या सत्यवती सिरसाट यांनी आजाराची जी व्याख्या केली, ती अजून उद्धृत होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन गटाने एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ६६ रुग्णांचा सतरा वर्षं पाठपुरावा केला. १९८५ साली त्यांनी छापलेला आकडा असा: ६६पैकी पाच जणांना कॅन्सर झाला, म्हणजे ७.६ टक्के.

कारण आता अज्ञात नाही. सुपारीतलं अरेकोलिन तंतू बनवणाऱ्या पेशींना जास्त कोलॅजेन बनवायला लावतं. सुपारीतले टॅनिन त्या कोलॅजेनला चिवट करतात, कातडं कमावताना होतं तसंच, आणि मग ते उसवणाऱ्या विकरांना दाद देत नाही. शिवाय सुपारीत तांबं भरपूर असतं. कोलॅजेनच्या दोऱ्या एकमेकींना बांधणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर तांब्यावर चालतं, आणि या रुग्णांत ते वाढलेलं आढळतं. म्हणजे स्कर्व्हीच्या नेमकं उलट. खलाशाच्या अंगात विणणं थांबलं होतं आणि उसवणं चालू होतं. मामांच्या गालात विणणं वाढलं होतं आणि उसवणं थांबलं होतं. मऊ असायला हवा तो थर कडक झाला, आणि कडक जमिनीवर पेशी वेगळ्या वागतात हे आपण आताच पाहिलं.

यात तंबाखूचा कुठेही उल्लेख आला नाही, हे लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूशिवायचं पान आणि नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर करते, असं स्पष्ट म्हटलं आहे. महाराष्ट्राने २०१२च्या जुलैमध्ये गुटख्यावर बंदी घातली. साधी सुपारी, सुगंधी सुपारी, गोड मसाल्याच्या पुड्या मात्र मुखशुद्धी म्हणून आपल्यासोबत परदेशातही आल्या. डर्बनच्या भारतीय वस्तीत आणि इंग्लंडमधल्या दक्षिण आशियाई लोकांत डॉक्टरांना हा आजार सापडला तो त्यामुळेच. आमच्या इथल्या भारतीय दुकानात त्या पुड्या बिलाच्या काउंटरवर, लहान मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर ठेवलेल्या असतात.

मामांनी सुपारी त्या दिवसापासून सोडली. सोलापूरच्या डॉक्टरांनी तोंड उघडण्याचे व्यायाम दिले आहेत आणि दर काही महिन्यांनी तपासणी ठरवून दिली आहे. साठलेले तंतू पूर्वीसारखे होत नाहीत, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. हा आजार लवकर कळला, सवय लवकर सुटली, तर पुढची वाढ रोखता येते, एवढंच हाती असतं. मामा फोनवर सांगतात, "दोन बोटं जातात गं आता." मग मामी मागून ओरडते, "पावणेदोन!"

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत जेवणानंतरचं तबक लावायचं काम माझ्याकडे होतं. बडीशेप, खडीसाखर, लवंग, वेलची ठेवली. सुपारीची वाटी ठेवली नाही. एका काकूंनी विचारलं, "अगं, सुपारी विसरलीस का?" त्यांना मी बाजूला बसवलं आणि तीन बोटं तोंडात घालून बघायला सांगितलं. त्यांची गेली. पूजेत तांदळावर मांडलेली सुपारी मात्र होती तिथेच होती. तिला कुणी चघळत नाही.

या सप्टेंबरमध्ये वर्गात पेशी काढल्या तेव्हा मधली जागा मोकळी सोडली नाही. पांढऱ्या खडूने तिथे दोऱ्या काढल्या, तीन पदरी. एका मुलाने हात वर करून विचारलं, "हे परीक्षेला आहे का?" मी म्हटलं, "आहे."